सुनंदाक्कांचं मशीन आणि माझा पायगुण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की माझा ओघ तुटतो, आणि हा किस्सा मला एका दमातच सांगता येतो. थांबले की लाज वाटायला लागते.

तर मी वैशाली, मूळची सोलापूरची, नोकरीला बंगळुरात. बंगळुरात नोकरी म्हटलं की लोकांना व्हाइटफील्डची काचेची इमारत, गळ्यातलं कार्ड आणि फुकटची कॉफी दिसते. माझ्या सासूबाई अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांना तसंच सांगतात. खरं म्हणजे आमची कंपनी बोम्मसंद्र्यात, एका पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाजूला नटबोल्टवाले, दुसऱ्या बाजूला रबराच्या वासाने डोकं उठवणारा कारखाना. मधे आम्ही. आम्ही पाकिटं भरायची छोटी मशीनं बनवतो. मसाला म्हणा, चटणी म्हणा, वरून ओतायचं आणि खालून मोजून भरलेलं, तोंड चिकटवलेलं पाकीट घ्यायचं. त्या मशीनच्या पोटात नखाएवढी चिप असते. तिने काय करायचं ते मी सांगते. असेंब्लीत.

घाबरू नका, सोपं आहे. संगणकाच्या बाकीच्या भाषा म्हणजे हॉटेलात बसून "एक मसाला डोसा" म्हणायचं, झालं. असेंब्लीत तुम्हालाच उठून तवा ठेवायचा, तेल लावायचं, पीठ ओतायचं, वाटीने गोल फिरवायचं. एकेक गोष्ट सांगा, नाहीतर डोसा नाही. मग कशाला करता असलं काम? तर आमची चिप स्वस्तातली, तिच्यात जागा कमी, आणि मला हे आवडतं. आवडतं म्हणजे काय, मिरवायला आवडतं. ऑफिसात असेंब्ली येणारी मी एकटी.

आता ह्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं रामायण आहे. चिपकडे सामान ठेवायला खिसे मोजकेच. रजिस्टर म्हणतात त्यांना. सगळ्या कामांनी तेच खिसे वापरायचे. समजा तुम्ही दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेलात. ओट्यावर तिचं सामान मांडलेलं. तुम्ही काय करता? ते एकावर एक रचून बाजूला ठेवता, चहा करता, आणि निघायच्या आधी जागच्या जागी परत मांडता. रचताना जे शेवटी ठेवलं ते सगळ्यात वर, म्हणून काढताना ते आधी. उलट्या क्रमाने काढत जायचं. प्रोग्रॅममधला कामाचा प्रत्येक तुकडा संपताना, परत जायच्या आधी ह्या आवराआवरीच्या ओळी लिहाव्या लागतात. दोन-चारच असतात. पण चुकल्या तर त्या बाईला मिठाच्या डब्यात साखर सापडते.

ह्या ओळींच्या बाबतीत मी फार कडक. ऑफिसात नवीन पोरं आली की पहिला तास माझा. "आत कसे शिरलात ते कुणी विचारत नाही. बाहेर कसे पडता ह्यावरून संस्कार कळतात." हे वाक्य मी फळ्यावर लिहायची, खाली दोन रेघा ओढायची, आणि पोरांनी वहीत उतरवून घेतलं की नाही ते फिरून बघायची. इतका माज होता.

आता सुनंदाक्का. ह्या आमच्या गिऱ्हाईक. माहेर-सासर दोन्ही चिकोडीकडचं, घरात मराठी, दारात कन्नड. शिवाजीनगरच्या एका बोळात खाली चटणीचा कारखाना आणि वर घर. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी, एक कांडपाची गिरणी आणि अक्का. शेंगदाण्याची चटणी करतात. मी सोलापूरची असल्याने शेंगाचटणीच्या बाबतीत कुणाला सहजासहजी बरं म्हणत नाही. अक्कांची चटणी बरी आहे. जास्त बोलत नाही, आईच्या कानावर जायचं.

तर अक्कांना पहिल्यांदाच मोठी ऑर्डर मिळाली होती, लग्नाची. इकडे लग्नात निघताना प्रत्येक पाहुण्याला तांबूलाची पिशवी देतात, नारळ, पान, सुपारी. मुलीच्या आजोबांनी ठरवलं, त्यात अक्कांच्या चटणीचं शंभर ग्रॅमचं पाकीट घालायचं. अट एकच. सगळी पाकिटं सारखी पाहिजेत. एकाच्या पिशवीत जास्त आणि दुसऱ्याच्या कमी दिसलं, तर मुलाकडचे ते पुढची पन्नास वर्षं काढणार. इतके दिवस अक्का चमच्याने आणि काट्यावर भरायच्या, खांदे भरून यायचे. एवढी हजारो पाकिटं हाताने होणार नव्हती, म्हणून त्यांनी आमचं मशीन घेतलं. ही ऑर्डर नीट गेली तर त्या मंगल कार्यालयाची पुढची सगळी लग्नं अक्कांची. नाही गेली तर परत चमचा.

मशीन बसवायला आमचा महांतेश गेला. महांतेश निपाणीचा. मशीनमधला बोर्ड, वायरी, बटणं हे त्याचं खातं, प्रोग्रॅम माझं. त्याने दिवसभर चालवून बघितलं. एकूण एक पाकीट शंभर. अक्कांनी त्याला जेवायला घातलं, वर डबा भरून दिला. डबा ऑफिसात आला तेव्हा मला कळलं.

दोन दिवसांनी मी सहज म्हणून गेले. सगळा प्रोग्रॅम माझा, गिऱ्हाईक बघायला नको? बोम्मसंद्र्याहून मेट्रो, मग बस, मग बोळ शोधणं. अक्का दारातच.

"या मॅडम, या की. बसा."

खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आता बघा तुमचं मशीन कसं पळायलंय," आणि हिरवं बटण दाबलं.

पाकीट बाहेर आलं. मी हातात घेतलं. आत चिमूटभर चटणी. अक्षरशः चिमूट. तळाशी कोपऱ्यात जाऊन बसलेली, आपली चूक असल्यासारखी.

दुसरं आलं. चिमूट. तिसरं, चिमूट.

"आय्यो," अक्का म्हणाल्या. "आत्तापर्यंत बरोबर येत होतं की."

तुम्ही म्हणाल, बाई, बंद करून चालू केलंस का? केलं की. एवढी मी अडाणी नाही. मेनचं बटण बंद केलं, चालू केलं, आणि शंभर. परत शंभर. मी हुश्श केलं, अक्कांनी हुश्श केलं. मग त्या चहा घेऊन आल्या, समोर बसल्या, चिकोडीच्या गोष्टी झाल्या, कप उचलले, मशीन परत सुरू केलं, आणि परत चिमूट.

मी लॅपटॉप काढला, काटा तपासला, सगळं बरोबर. घरी येईस्तोवर मी निकाल लावून टाकला होता. महांतेशचा बोर्ड.

"माझ्या बोर्डाला काय पण झालेलं नाही," महांतेश म्हणाला.

"मग काय माझ्या प्रोग्रॅमला झालंय?"

"मी कुठं म्हणालो?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

त्याने बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी जाऊन काटा बदलला, वायर बदलली, संध्याकाळपर्यंत बसून राहिला. एक पाकीट चुकलं नाही. मी विजयाने म्हटलं, बघ, तुझ्याच खात्यातलं होतं. आणि खात्री करायला तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले.

"या मॅडम, बसा की." खुर्ची, पाणी, हिरवं बटण.

ह्या वेळी चिमूट नाही. ह्या वेळी मशीन भरतच सुटलं. शंभर ग्रॅमच्या पाकिटात दोनशेच्या वर चटणी शिरायला बघत होती. पाकीट फुगलं, फाटलं, आणि चटणी माझ्या ओढणीवर, केसांत, पाण्याच्या ग्लासात. लसूण घातलेली. परत येताना मेट्रोत माझ्या दोन्ही बाजूच्या सीटा रिकाम्या राहिल्या. गर्दीच्या वेळी.

आता मात्र मी गंभीर झाले. मशीनशेजारी आल्यावर बिघडवणारं माझ्याकडे असं काय आहे? मोबाइल. नक्कीच लहरी जात असणार काट्यात. पुढच्या वेळी मोबाइल शेजारच्या सायकलवाल्याकडे ठेवला. चिमूट. मग सिंथेटिक ड्रेस, त्यातून वीज उतरत असेल. सुती साडी नेसून गेले. परत नुसती ओत. बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं, चपला तर दारातच. एकदा डोक्यातली पिनसुद्धा काढून गेले, झिंज्या मोकळ्या. शिकली-सवरलेली इंजिनिअर बाई मी, आणि दागिने उतरवून, केस सोडून चटणीच्या मशीनपुढे उभी. सासूबाईंनी बघितलं असतं तर गावी पाठवलं असतं.

"अक्का, मी यायच्या आधी तुम्ही काही वेगळं करता का? कुठलं बटण फिरवता का?"

"नाही की. मी कशाला फिरवू?"

"नीट आठवा."

"काय पण करत नाही मॅडम. तुम्ही आलात, बसलात, चहा घेतलात, बस."

आणि महांतेश गेला की मशीन शहाण्यासारखं. तो नुसता जाऊन कोपऱ्यात शेंगा खात बसायचा, आणि शंभर, शंभर, शंभर.

इकडे लग्न तोंडावर आलं. पाकिटांची रास वाढायला हवी होती, तर मी आले की काम थांबायचं आणि फुकट गेलेल्या पाकिटांची रास वाढायची. एक दिवस अक्का पदराशी चाळा करायला लागल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत, बोला."

"पायगुण म्हणून असतंय बघा एकेकाचा."

विज्ञानाच्या बाजूने चार शब्द सांगायला तोंड उघडलं, आणि आठवलं की माझ्याच डोक्यातली पिन सायकलवाल्याकडे ठेवलेली आहे. तोंड मिटलं. खरं सांगू? मला रडू येत होतं. ह्या बाईचं पहिलं मोठं काम आणि ते मी नुसती दारात येऊन नासवत होते.

अक्कांचं मन मऊ. "तसं नाही तर दृष्ट लागली असेल तुम्हाला. काढू काय?"

"काढा," मी म्हणाले.

हो, म्हणाले. हसू नका म्हटलं होतं ना. चटणीच्या कारखान्यात मिरच्यांना काय तोटा, अक्कांनी मूठभर लाल मिरच्या घेतल्या, मीठ-मोहरी घेतली, माझ्यावरून उतरवली आणि भट्टीत टाकली. क्षणात सगळा बोळ खोकायला लागला. मी खोकले, अक्का खोकल्या, कोपऱ्यात शेंगा खात बसलेला महांतेश नाक धरून रस्त्यावर पळाला, सायकलवाला तिथून शिव्या घालायला लागला.

खोकता खोकता मी म्हटलं, "गेली का दृष्ट?"

अक्कांनी डोळे पुसत मान हलवली. "दृष्ट असती तर मिरचीचा वासच आला नसता. एवढा ठसका लागला म्हणजे दृष्ट नाही."

"मग?"

"पायगुणच."

शेवटी तोडगा निघाला. महांतेशने आत बसून मशीन सांभाळायचं आणि मी बाहेर, सायकलवाल्याच्या स्टुलावर. खिडकीतून बघायला परवानगी. उंबरा ओलांडायचा नाही. पगार घेऊन मी ही नोकरी करत होते.

सकाळपासून मशीन मजेत चालू. महांतेश अधूनमधून खिडकीतून अंगठा दाखवत होता. पाकिटं पडत होती, अक्का रचत होत्या, आणि मी सायकलवाल्याला पंक्चर काढायला पाणी आणून देत होते. मनात म्हटलं, ठीक आहे, आपल्यामुळे नाही तर निदान आपल्या नसण्यामुळे तरी अक्कांचं काम होतंय. परवा लग्न, उद्यापर्यंत पाकिटं होतील.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक गृहस्थ काठी टेकत आले. मुलीचे आजोबा. माल कसा होतोय ते बघायला आले होते.

मी खिडकीतून बघतेय. अक्का लगबगीने उठल्या, मशीनचं लाल बटण दाबलं, मशीन गप्प झालं, आणि हात जोडून म्हणाल्या, "बन्नी, बन्नी, कूतकोळ्ळी." म्हणजे आपलं या, बसा. खुर्ची दिली. पाणी दिलं. मग, "बघा आता कसं पळायलंय," हिरवं बटण, आणि पाकीट आजोबांच्या हातात.

आजोबांनी ते उजेडाकडे धरलं. आत चिमूट.

"हे काय?" आजोबा म्हणाले. ते कन्नडमध्ये बोलत होते. मला आता कन्नड बऱ्यापैकी कळतं, आणि असला प्रश्न तर कुठल्याही भाषेत कळतो. "हे मुलाच्या आत्याच्या पिशवीत गेलं तर?"

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. आणि मी काय केलं? सांगायला नको, पण सांगते. मी स्टुलावरून उडी मारली, आत धावले आणि ओरडले, "मी नाही! मी बाहेर होते! सगळ्यांनी बघितलंय, मी बाहेर होते!"

टाळ्या पिटत दोन गिरक्या घेतल्या बहुतेक. महांतेश म्हणतो तीन.

आजोबांनी घाबरून काठी पुढे धरली. "ह्या कोण?"

"मशीनच्या इंजिनिअर," महांतेश म्हणाला.

आजोबांनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाल्यासारखा दिसला.

"अक्का," मी धापा टाकत म्हटलं, "तुम्ही आत्ता लाल बटण दाबलंत ना?"

"दाबलं की. माणूस दारात आल्यावर मशीन खडखडवत बोलायचं काय? बरं दिसतंय ते?"

"मी येते तेव्हापण दाबता?"

"मग? तुम्ही पाहुण्या."

"मी विचारलं होतं की हो, काही करता का म्हणून."

"त्यात काय करायचं? पाहुणा आला की मशीन थांबवायचंच. ते काय सांगायचं असतंय?"

"आणि महांतेश येतो तेव्हा?"

"त्याला कशाला थांबवू? तो घरचा पोरगा. येतोय, शेंगा खातोय, जातोय."

बघा म्हणजे. आमच्या ऑफिसात आम्ही लाल बटण तपासलं होतं. दाबलं, थांबलं का? थांबलं. सगळे खूश. थांबलेलं मशीन परत चालू केल्यावर काय करतं, हे बघायला आमच्याकडे पाहुणे कुठे येतात? आम्ही सरळ मेन बंद करून घरी जातो.

मी महांतेशकडे वळले. इतक्या दिवसांचा सगळा सूड माझ्या आवाजात होता. "बटण. लाल बटण. कुणाचं खातं?"

"माझं," महांतेश शांतपणे म्हणाला. शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला. "बटण दाबलं की मशीन थांबतंय?"

"थांबतंय."

"म्हणजे बटणाचं काम झालं. दाबल्यावर चालू कामातनं बाहेर कसं पडायचं, ते कोण लिहितंय?"

मी हसत होते, ती हळूहळू हसायची थांबले.

ट्रेमध्ये नुकत्याच सुरू केलेल्या खेपेची पाकिटं होती, आजोबा यायच्या आधी भरलेली. मी मोजली. बारा. आजोबांच्या हातातलं चिमटीचं पाकीट मागून घेतलं आणि काट्यावर ठेवलं. बारा ग्रॅम.

मशीनला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, पाकिटात किती ग्रॅम भरायचं आणि ह्या खेपेत आतापर्यंत किती पाकिटं झाली. दोन खिशांत दोन आकडे, आणि नवी खेप लावली किंवा मेन बंद करून चालू केलं की परत शंभर आणि शून्य. वजन करणारा जो तुकडा मी लिहिला, तो आत शिरताना हे दोन आकडे रचून ठेवतो आणि निघताना परत मांडतो. निघायचा नेहमीचा दरवाजा अगदी चोख होता, फळ्यावर लिहून दाखवावा असा. पण ह्या घराला मागचा दरवाजा पण होता. लाल बटण दाबलं तर वजन अर्धवट सोडून तिथून निघायचं. तो दरवाजा शेवटच्या दिवशी बसवला, महांतेश म्हणाला म्हणून, आणि त्या दिवशी कॅन्टीनला बिसी बेळे भात होता. बोम्मसंद्र्याच्या कॅन्टीनमध्ये बिसी बेळे भात दीडनंतर मिळत नाही. पातेलं खरवडल्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता हो. मी वरच्या, सामान रचून ठेवायच्या ओळी उचलल्या, खाली चिकटवल्या, "ठेव"च्या जागी "काढ" केलं आणि पळाले. क्रम उलटा करायचा राहिला.

म्हणजे पाहुणा आला की ग्रॅमचा आकडा पाकिटांच्या खिशात आणि पाकिटांचा ग्रॅमच्या. बारा पाकिटं झाल्यावर पाहुणा आला, तर पुढचं पाकीट बारा ग्रॅमचं. मी खेपेच्या सुरुवातीला गेले तर चिमूट, शेवटी गेले तर ओत. मशीन बिचारं इमानदार होतं, मी जे मांडून गेले तेच खात होतं.

सगळ्यांच्या देखत लॅपटॉप उघडला. अक्का, आजोबा, सायकलवालासुद्धा आत आला, त्याने सकाळपासून माझ्यात वेळ गुंतवला होता. महांतेशने खांद्यावरून वाकून त्या दोन ओळी बघितल्या. एकच शब्द बोलला.

"संस्कार."

मी एक ओळ वर घेतली, एक खाली. मशीनमध्ये भरलं.

"झालं?" आजोबांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग इतके दिवस काय करत होता?"

"दृष्ट काढत होतो," महांतेश म्हणाला.

आजोबांचा अजून विश्वास बसेना. बरोबर आहे, त्यांच्या नातीच्या लग्नाची अब्रू त्या पाकिटात. म्हणाले, मी स्वतः बघतो. काठी घेऊन बाहेर गेले, बोळात चार पावलं टाकली, वळून परत पाहुणे म्हणून आत आले. अक्कांनी लाल बटण दाबलं, "बन्नी, बन्नी," खुर्ची, पाणी, हिरवं बटण. शंभर. आजोबा उठले, बाहेर गेले, परत आले. "बन्नी, बन्नी." शंभर. असं किती वेळा झालं विचारू नका. दर वेळी अक्का तितक्याच अगत्याने उठायच्या, आणि दर वेळी आजोबा पाणी प्यायचे. शेवटी त्यांना पाणी जाईना, तेव्हा म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक आहे, आणि रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच लागलो. महांतेश चटणी ओतत होता, अक्का मशीनवर, मी पाकिटं रचायला. उंबरा ओलांडून, पिना-बांगड्या घालून, थाटात. दुपारीच सगळा माल कार्यालयात पोचला. लग्न झालं, एका पिशवीत कमी नाही की जास्त नाही, मुलाकडच्या आत्यांनी पाकीट हातावर तोलून बघितलं म्हणे आणि गप्प बसल्या. कार्यालयवाल्याने तिथेच पुढच्या दोन लग्नांचं सांगितलं. अक्कांचा फोन आला तेव्हा त्या नुसत्या हसत होत्या, आणि इकडे मी ऑफिसच्या जिन्यात एकटी बसून डोळे पुसत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

इथे संपलं असतं तर मी हा किस्सा ऐटीत सांगितला असता. पण अक्का अन्न टाकणारी बाई नाही. माझ्या पायगुणाने झालेली ती चिमटीची पाकिटं त्यांनी फेकली नव्हती. टोपलीत भरून कार्यालयात जेवणाच्या दाराशी ठेवून दिली, घ्या म्हणून. बायकांनी ती बघितली आणि झडप घातली. पर्समध्ये बसतं, ऑफिसच्या डब्याला एक पुरतं, प्रवासात सांडत नाही. आठवड्याभरात अक्कांचा फोन.

"मॅडम, ते चिमूटवालं पाकीटच पाहिजे म्हणायलेत सगळे. ते मशीन आधी करत होतं तसं परत करा की."

मी म्हटलं अक्का, ती चूक होती. त्या म्हणाल्या, असू दे की, मला चालतंय. आमच्या कंपनीच्या मालकांच्या कानावर गेलं, तर ते अजूनच खूश. म्हणाले सगळ्याच मशीनमध्ये ही सोय देऊ, एका बटणावर मोठं पाकीट, एका बटणावर लहान. आणि काम कुणाकडे? असेंब्ली येणारी मी एकटी ना.

तर गेला महिनाभर मी ते करतेय. शांत डोक्याने, आधी कागदावर आखून, जेवण करून मग बसून. लहान पाकिटाचं बटण दाबलं की कधी मशीन रिकामं पाकीट चिकटवतं, कधी नुसतंच गुरगुरत उभं राहतं, आणि काल तर त्याने लाल दिवा लावून माझ्याकडे पाठ फिरवली. अक्का रोज फोन करून विचारतात, झालं काय मॅडम. मी काय सांगू त्यांना? चुकून केलं होतं तेव्हा पहिल्याच फटक्यात चाललं होतं.